धुवायचे राहिलेले रोल

२२ जून २००९ रोजी कोडॅक कंपनीने कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा लखनौच्या मानक नगरमधल्या आमच्या क्वार्टरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, कोडाक्रोमचे बरेच रोल होते. थोडे कोरे, बाकीचे फोटो काढून झालेले आणि धुवायचे राहिलेले. बातमी वाचल्यावर मी न्यू जर्सीला दादाला फोन केला आणि मिळतील तेवढे कोरे रोल घेऊन ठेव म्हणून सांगितले. काढून झालेल्या रोलांचे नावही मी त्या फोनवर घेतले नाही. त्यानेही विचारले नाही. फिल्म बंद होणार म्हणजे फिल्म मिळणार नाही, एवढाच अर्थ मला त्या दिवशी कळला होता, आणि पुढचे नुकसान त्या अर्धवट समजुतीतून झाले.

मानक नगर ही रेल्वेची वसाहत. १९३० साली स्थापन झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचे रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर एकत्र करून १९५७ मध्ये आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था झाली, आणि देशभरातून आलेले इंजिनियर, ड्राफ्ट्समन, प्रयोगशाळेतली माणसे इथे राहू लागली. बाबा नागपूरहून आले. पुढे मीही इथेच नोकरीला लागलो. डबा रुळावर किती डोलतो, स्प्रिंग किती भार सोसते, धातू कुठे थकतो, हे मोजण्यात आमची हयात गेली. ज्या चुका मी सांगणार आहे त्या बेफिकिरीने केलेल्या नाहीत. दर वेळी मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. हिशेबात एक मोठी बाब धरायची राहून गेली, आणि तीच दर वेळी राहिली.

खरे तर इशारा आधीच मिळाला होता. माझ्या तरुणपणी परदेशी फिल्म सहज मिळत नसे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ आणि पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ‘ओर्वो’ यांवर आम्ही हात बसवला. ओर्वोच्या रंगीत स्लाइड फिल्मला धुण्याची पद्धत स्वतःची होती, इतर कंपन्यांच्या रसायनांत ती टाकता येत नसे. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि काही वर्षांतच वोल्फेनचा तो अवाढव्य कारखाना मोडीत निघाला. माझ्याकडे ओर्वोचे काढून झालेले स्लाइड रोल उरले होते. हजरतगंजात दाखवले, दिल्लीला कामासाठी गेलो तेव्हा तिथे दाखवले. सगळीकडे एकच उत्तर, हे आमच्याकडे होणार नाही. मी ते डब्यात टाकले आणि जर्मनीच्या राजकारणाला बोल लावून गप्प बसलो. फिल्म, ती धुण्याचे रसायन, ते हाताळणारा माणूस आणि त्याचे पोट भरेल इतके गिऱ्हाईक ही एकच साखळी आहे, आणि तिची कोणतीही कडी तुटली की हातातला रोल निकामी होतो, हे मी तेव्हाच शिकायला हवे होते.

कोडाक्रोममध्ये तर ही साखळी फारच नाजूक होती. १९३५ साली ती बाजारात आली. लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडाउस्की या दोन संगीतकारांनी तिचा शोध लावला. तिच्यात रंग नसतोच. फिल्मवर असतात ते वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाला दाद देणारे कृष्णधवल थर, आणि धुताना एकेका थरात एकेक रंग भरला जातो. इतर स्लाइड फिल्मींमध्ये रंग तयार करणारे घटक थरांतच घातलेले असतात, म्हणून त्यांतल्या बहुतेक कुठल्याही नीट चालणाऱ्या लॅबमध्ये, अगदी घरीसुद्धा धुता येतात. कोडाक्रोमला मात्र तिची खास यंत्रे, तिची खास रसायने आणि त्यांवर नजर ठेवणारा रसायनशास्त्रज्ञ लागे. त्या बदल्यात ती जे देत असे ते मी दुसऱ्या कुठल्याही फिल्मवर पाहिलेले नाही. लाल रंग लालच राहायचा, सावलीतला तपशील बुडायचा नाही, आणि अंधारात नीट ठेवलेल्या स्लाइड्स पन्नास वर्षांनीही ताज्या दिसत. दादा सुटीवर येताना रोल आणायचा आणि जाताना काढून झालेले घेऊन जायचा. पुढच्या खेपेला पिवळ्या डब्यांतून स्लाइड्स यायच्या. या ये-जा करण्यातच दोन-अडीच वर्षे जात, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे.

कपाटातल्या रोलांवर दोन विषय होते. एक ऐशबागची मीटरगेज. मानक नगरपासून हाकेच्या अंतरावर सीतापूर-लखीमपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाड्या सुटायच्या. ती लाइन आज ब्रॉडगेज झाली आहे. दुसरा विषय आमच्या घरचा गणपती आणि आई. पाटावर बसून मोदकांच्या कळ्या पाडणारी आई, मागच्या दारी फुले वेचणारी आई, आरतीच्या ताटाशी वाकलेली आई. त्यानंतरचा गणपती तिने पाहिला नाही.

दादाची सुटी लांबत गेली. कुरियरने पाठवावे तर वाटेत एक्स-रेचे भय, कस्टमचे भय. शिवाय मनात एक पक्के बसले होते, की कारखाना बंद झाला तरी धुणारे कुणीतरी असतेच. एकाने नाही म्हटले तर दुसरा. तोवर जगात कोडाक्रोम धुणारी एकच लॅब उरली होती, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या छोट्या गावातली ड्वेन्स फोटो. कोडॅकने बनवलेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना दिला होता. त्यांनी त्यातल्या काही चौकटी भारतातही काढल्या आणि २०१० च्या जुलैत तो पार्सन्सलाच धुतला गेला. ३० डिसेंबर २०१० नंतर आलेला रोल घेणार नाही, असे ड्वेन्सने आधीच सांगून ठेवले होते. ती तारीख मला माहीत होती. कंपन्या तारखा देतात आणि मागाहून वाढवतात, असा माझा अनुभव होता. तारीख वाढली नाही. दादा आला तो त्यानंतर.

पुढे त्या शेवटच्या दिवसांची हकिगत वाचनात आली. आर्कान्सामधला एक रेल्वे कर्मचारी गाडी घेऊन पार्सन्सला आला होता. त्याचे १,५८० रोल तिथे धुऊन तयार होते, आणि त्यासाठी त्याने जवळजवळ १५,८०० डॉलर मोजले होते. रोलांवर होत्या बहुतेक आगगाड्याच. हे वाचल्यावर मला किती तरी रात्री झोप लागली नाही. तोही रेल्वेतला माणूस, माझ्यासारखाच छंद, कदाचित माझ्याइतकाच पगार. त्याने कोऱ्या फिल्मचा विचार सोडून काढून झालेली चित्रे आधी वाचवली. मी कोरे रोल मागवले. ते आजही फ्रिजमध्ये आहेत. त्यांच्यावर काय वाटेल ते टिपा, त्यात रंग भरणारे यंत्र आता पृथ्वीवर कुठे चालू नाही.

ही चूक माझ्यापुरती, फार तर घरापुरती होती. तिच्याआधी केलेली दुसरी चूक एका परक्या माणसाला भोवली, आणि तिचा सल मला जास्त आहे.

आलमबागला आमचा एक स्टुडिओ होता. आमचा म्हणजे सगळ्या कॉलनीचा. मालकांना आम्ही चाचा म्हणायचो. रेल्वे पासचे फोटो, बोर्डाच्या परीक्षेचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, निवृत्तीचे ग्रुप फोटो, मुंजी आणि मुंडन, सगळे त्यांच्याकडे. डार्करूममधले काम त्यांनी त्यांच्या वडिलांकडून उचलले होते. मला प्रिंट काढायला त्यांनीच शिकवले. एन्लार्जरच्या उजेडात हात फिरवून आभाळ कसे गडद करायचे, चेहरा कसा उजळ ठेवायचा, हे ते तोंडाने सांगत नसत. शेजारी उभे करून पाहू देत.

२००४ च्या सुरुवातीला चाचांच्या मनात रंगीत मिनिलॅब घ्यायचे आले. रोल त्यांना दुसऱ्या लॅबला द्यावे लागत आणि नफा तिकडेच राही. त्यांनी मला विचारले, “साहब, आप तो इंजीनियर हैं, हिसाब लगाकर बताइए।” त्याच जानेवारीत कोडॅकने अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात फिल्मचे कॅमेरे विकणे थांबवणार असल्याचे सांगितले होते. भारत आणि चीनसारख्या देशांत मात्र ते विकत राहणार होते. मी त्या बातमीचा अर्थ लावला की आपल्याकडे फिल्मला अजून पंधरा-वीस वर्षे मरण नाही. चाचांकडे रोज किती रोल येतात ते विचारले, लग्नसराईचे धरले, वीज गेल्यावर जनरेटरला लागणाऱ्या डिझेलचा खर्च धरला, आणि चार-पाच वर्षांत कर्ज फिटेल असे कागदावर दाखवून दिले. आलेख मी सपाट काढला होता. आज येतात तेवढे रोल उद्याही येतील, हे गृहीतक मी तपासले नाही. ऑफिसात एखाद्या कनिष्ठाने असा आलेख आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

याहून वाईट सल्ला पुढचा. दोन प्रकारची यंत्रे मिळत होती. एक डिजिटल, महाग, निगेटिव्ह स्कॅन करून प्रिंट काढणारे, त्यावर मेमरी कार्डावरूनही प्रिंट निघत. दुसरे जुन्या पद्धतीचे ऑप्टिकल, निगेटिव्हमधून सरळ कागदावर उजेड टाकणारे, आणि ते वापरलेले म्हणून स्वस्तात मिळत होते. मी स्वस्त यंत्राच्या बाजूने बोललो. उजेडातून सरळ आलेली प्रिंट अधिक खरी असते, असे माझे मत होते, आणि ते आजही आहे. पण ते मत माझ्या छंदाचे होते. चाचांच्या धंद्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

मे २००५ मध्ये जर्मनीची अग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरे, फिल्म, कागद सगळ्यातूनच अंग काढून घेत असल्याचे सांगितले, आणि निकॉनने दोन मॉडेल सोडून बाकीचे फिल्म कॅमेरे थांबवले. इकडे आलमबागेत लोक मेमरी कार्ड घेऊन दुकानात येऊ लागले. चाचांच्या यंत्राला कार्ड घालायला जागाच नव्हती. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई.

रोल कमी झाले की काय होते हे मी त्यांच्या मागच्या खोलीत उभा राहून पाहिले आहे. रंगीत निगेटिव्हचे डेव्हलपर ३७.८ अंशांवर राखावे लागते आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटे राहते. प्रत्येक रोल थोडे रसायन खातो आणि यंत्र तेवढे ताजे रसायन आत सोडते. रोल भरपूर असले तर टाकी आपोआप ताजी राहते. रोल थांबले की तेच रसायन टाकीत दिवसेंदिवस हवा खात बसते आणि जुने होते. मग एखाद्या लग्नाचे रोल येतात, नवरीच्या कपाळावर हिरवट झाक उमटते आणि सावल्या लालसर होतात. चाचा चाचणीची पट्टी घालून बघत, मान हलवत, आणि अख्खी टाकी मोरीत ओतून नवे रसायन भरत. त्या दिवशीच्या कमाईच्या कितीतरी पट पैसा त्या मोरीत जाई. ते टाळून जुन्याच रसायनात काम केले असते तर कुणाला कळलेही नसते, निदान लगेच. त्यांनी तसे केले नाही. शेवटी गावाकडची जमीन विकून त्यांनी कर्ज फेडले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मीही बराच काळ विषय काढायचे धाडस केले नाही. पुढे एकदा माफी मागितली तेव्हा म्हणाले, “मशीन मैंने ख़रीदी थी, साहब।” त्यांचा तो मोठेपणा होता. हिशेब माझा होता.

दुकान बंद करताना त्यांनी मला बोलावून घेतले. माळ्यावर निगेटिव्हचे खोके होते, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. वर्तमानपत्राच्या पाकिटांत निगेटिव्ह, पाकिटावर पेन्सिलीने नंबर, आणि नंबरांची नोंद असलेल्या वह्या. ते मला घेऊन जाल का म्हणून विचारत होते. मी निवृत्तीला आलो होतो, क्वार्टर सोडावे लागणार होते, नवे घर लहान होते. मी म्हटले, आता सगळे स्कॅन होते चाचा, हे कोण पाहणार. त्यातले काहीही स्कॅन झालेले नव्हते, आणि ते मला ठाऊक होते. फिल्ममधल्या चांदीसाठी जुनी निगेटिव्ह विकत घेणारे असतात. खोके त्यांच्याकडे गेले, किलोच्या भावाने.

१८७४ मध्ये दरोगा अब्बास अली यांनी ‘द लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. शहराची पन्नास छायाचित्रे आणि एक नकाशा. ते नगरपालिकेत सहायक इंजिनियर होते. १८५७ च्या धुमश्चक्रीनंतरचे लखनौ कसे दिसत होते हे आज आपल्याला त्यांच्यामुळे नीट पाहता येते. मी इंजिनियर, छायाचित्रणाचा नादी, त्याच शहरात राहणारा, आणि माझ्यासमोर स्वतंत्र भारतातल्या एका रेल्वे वसाहतीची दोन पिढ्यांची तोंडओळख नंबर घालून ठेवलेली होती. ड्राफ्ट्समनची बायको, तामिळ शेजारी, बंगाली बॉस, आमच्या कॉलनीतल्या मराठी बायकांचे हळदीकुंकू. मी ते घरात जागा नाही म्हणून जाऊ दिले. फिल्म बंद होणे हा कंपन्यांचा निर्णय होता, त्यावर माझे काही चालणार नव्हते. हा निर्णय मात्र पूर्णपणे माझ्या हातात होता.

त्या दिवशी चाचांनी फिल्म धुण्याची टाकी, थर्मामीटर आणि मोजपात्र माझ्या हातात दिले. माझे स्वतःचे सामान मी डिजिटल कॅमेरा घेताना विकून टाकले होते.

कोडाक्रोम रंगीत धुता येत नाही, पण तिचे थर मुळात कृष्णधवलच असतात, म्हणून साध्या डेव्हलपरमध्ये त्यातून काळे-पांढरे निगेटिव्ह काढता येते, हे मला पुढे कळले. मी चाचांना मानक नगरला बोलावले. क्वार्टर अजून आमच्याकडे होते. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, दाराखाली टॉवेल कोंबला. अंधारात रोल रिळावर चढवायचे काम त्यांनी केले. माझे हात आता थरथरतात, त्यांचे थरथरत नाहीत. कोडाक्रोमच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, तो धुण्याच्या यंत्रातच निघायचा. आम्ही आधी टाकणखाराच्या पाण्यात फिल्म भिजवली, मग डेव्हलपर, मग हायपो, आणि शेवटी नळाखाली धरून ओल्या कापसाने तो थर पुसून काढला. बादलीतले पाणी शाईसारखे झाले. चाचांची बोटे नखांपर्यंत काळी झाली होती. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली.

चित्रे आहेत. दाट, मळकट, कडेला धुके आलेली, पण आहेत. ऐशबागच्या फलाटावरचे इंजिन ओळखू येते. आई ओळखू येते, तिच्या हातातली मोदकाची पारी दिसते. तिने नेसलेले इरकली लुगडे हिरवे होते की जांभळे, यावर दादाचे आणि माझे अजून एकमत होत नाही. कोडाक्रोमने ते अचूक सांगितले असते. कपाटातले अर्धे रोल मी अजून धुतलेले नाहीत. रंग परत मिळवण्याची एखादी युक्ती पुढेमागे कुणी शोधील म्हणून थांबावे, असे दादाचे म्हणणे आहे. लखनौच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि प्रत्येक उन्हाळ्यात फिल्मवरची सुप्त प्रतिमा आणखी पुसट होते. मी आता थांबणार नाही, येत्या थंडीत उरलेले सगळे रोल धुणार आहे.

२०१८ मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म पुन्हा बाजारात आणली. ती परत येऊ शकली याचे एक कारण म्हणजे ती धुण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी चालू राहिली होती. तरुण मुले पुन्हा फिल्म वापरू लागली आहेत, कधी कधी माझ्याकडे शिकायला येतात. मी त्यांना पहिल्यांदा विचारतो, धुणार कुठे? उत्तर आले नाही तर रोल कॅमेऱ्यात घालू देत नाही.

चाचांच्या खोक्यांपैकी काहीच परत येणार नाही. पण लग्नांची निगेटिव्ह ते हट्टाने गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे, “यह आपकी अमानत है” म्हणत. त्यामुळे मानक नगर सोडून पुण्याला, नागपूरला, भोपाळला गेलेल्या घरांत त्यांची निगेटिव्ह अजून आहेत. मी पत्ते शोधून एकेका घराला विचारतो आहे. पाकीट वर्तमानपत्राचे, डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर, नंबराखाली आडवी रेघ. बऱ्याच ठिकाणी निगेटिव्ह रबर लावून गुंडाळलेली सापडतात, काहींना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास म्हणजे फिल्मचा पायाच कुजू लागल्याची खूण. अशी फिल्म मी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करतो आणि तीच आधी स्कॅन करायला घेतो. माणसे ओळखायला चाचा लागतात. सोमवारी दुपारी ते येतात, चहा घेतात, आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून पहिली पट्टी मागतात.